समन्स पुन्हा पुन्हा परत येतंय? आधी पाठीमागचा शेरा वाचा

रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, प्रत्येक तारखेला तीच ओळ. "प्रतिवादी क्र. ४ चे समन्स बेबजावणी परत. वादीने तजवीज करावी." पक्षकार सकाळची एसटी पकडून तालुक्याला येतो, त्या दिवसाची मजुरी बुडते, दुपारी पुकारा होतो आणि दोन मिनिटांत पुढची तारीख घेऊन तो बाहेर पडतो. व्हरांड्यात मला गाठून विचारतो, "आज काय झालं?" त्याला काय सांगणार? दावा दाखल होऊन आठ महिने झाले, पण समोरच्याला अजून कळलेलंच नाही, म्हणजे खरी सुनावणी अजून सुरूच झालेली नाही.

मी वकिलांकडे कारकून आहे. युक्तिवाद करणं माझं काम नव्हे. प्रोसेस फी भरणं, समन्सचे फॉर्म तयार करणं, नाझरकडे, म्हणजे समन्स बजावणीचं काम पाहणाऱ्या कोर्टाच्या अधिकाऱ्याकडे, जाऊन काय झालं ते पाहणं, ही माझी कामं. इतकी वर्षं हेच केल्यावर एक गोष्ट खात्रीने सांगतो. सुरुवातीलाच रखडलेले दावे कायद्याच्या अवघड मुद्द्यावर रखडलेले नसतात. समन्स परत आलं की त्याच नावाने, त्याच पत्त्यावर, नुसती फी भरून पुन्हा समन्स काढलं जातं आणि ते पुन्हा परत येतं. ते का परत आलं हे बेलिफने, म्हणजे समन्स नेऊन देणाऱ्या कोर्टाच्या कर्मचाऱ्याने, मागच्या बाजूला लिहून दिलेलं असतं. ते वाचायचं राहून जातं.

खालचं बहुतेक दिवाणी दाव्यांबद्दल आहे. त्याचे नियम दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश ५ मध्ये आहेत.

शेरा कुठे सापडतो

ई-कोर्टच्या ॲपवर पुढची तारीख आणि ती कशासाठी एवढं कळतं. बेलिफचा अहवाल पाहायचा तर फाईल पाहण्याचा अर्ज द्यावा लागतो. समन्सच्या पुढच्या बाजूला छापील मजकूर, कोर्टाचा गोल शिक्का आणि सही असते. उलटं केलं की निळ्या शाईत घाईघाईने लिहिलेल्या पाचसहा ओळी दिसतात. "दि. अमुक रोजी मौजे अमुक येथे समक्ष गेलो असता सदर इसम मिळून आला नाही, शेजारी विचारपूस करता…" यातून चार गोष्टी टिपून घ्या. बेलिफ कोणत्या दिवशी गेला, नेमक्या कोणत्या जागी गेला, तिथे त्याने कुणाला विचारलं आणि त्या माणसाने काय सांगितलं. पुढची पायरी या चार उत्तरांवर ठरते. ती तुम्हाला आणि वकिलांना ठरवायची असते, कोर्ट ती तुमच्या वतीने ठरवत नाही.

हे लवकर करा. समन्स बजावणी न होता परत आल्यावर वादीने सात दिवसांत नवीन समन्ससाठी अर्ज केला नाही तर दावा त्या प्रतिवादीपुरता फेटाळला जाऊ शकतो, अशी तरतूद आदेश ९ नियम ५ मध्ये आहे. प्रोसेस फीच भरली नाही म्हणून समन्स गेलं नाही, तर त्याच आदेशाचा नियम २ लागतो आणि तिथेही दावा फेटाळला जाऊ शकतो. "कोर्टच पाठवेल की" या समजुतीवर बसून राहणाऱ्यांचं यातच नुकसान होतं.

"सदर नावाची व्यक्ती येथे राहत नाही"

वाटपाच्या दाव्यांत हा शेरा सगळ्यांत जास्त येतो, आणि तोही बायकांच्या समन्सवर.

सातबाऱ्यावर वारसनोंद होते तेव्हा मुलीचं माहेरचं नाव चढतं. तिचं लग्न तीस-चाळीस वर्षांपूर्वी झालेलं. आडनाव बदललं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव आलं, आणि त्या काळच्या रीतीने कित्येकींचं पहिलं नावही लग्नात बदललं. दाव्यात मात्र सातबाऱ्यावरून उतरवून माहेरचं नाव लिहिलं जातं. बेलिफ सासरच्या गावी किंवा मुंबईच्या चाळीत जाऊन त्या नावाने विचारतो आणि शेजारी प्रामाणिकपणे सांगतात की असं इथे कुणी राहत नाही. ती बाई त्याच मजल्यावर भाजी निवडत बसलेली असते.

एका दाव्यात वादीच्या आत्याचं समन्स असं तीनदा परत आलं होतं. चौथ्यांदा फी भरण्याआधी मी वादीला म्हटलं, घरी ट्रंकेत जुन्या लग्नपत्रिका असतील त्या घेऊन या. पुढच्या तारखेला तो पिशवीभर पत्रिका घेऊन आला. त्यांत आत्याच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका निघाली. हळदीचा डाग पडलेली, कोपरे दुमडलेले. निमंत्रक म्हणून आत्या आणि तिचे यजमान, दोघांची पूर्ण नावं, खाली डोंबिवलीचा पत्ता खोली नंबरासकट. वकिलांनी आदेश ६ नियम १७ खाली दुरुस्ती अर्ज दिला आणि दाव्यात नाव असं केलं: माहेरचं पूर्ण नाव, "ऊर्फ", सासरचं पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, वय, पत्ता. समन्स पहिल्याच फेरीत बजावलं गेलं.

तेव्हापासून वाटपाचा दावा दाखल करतानाच मी प्रत्येक स्त्री प्रतिवादीची दोन्ही नावं मागतो. लग्नपत्रिका, मतदार यादी, रेशन कार्ड, भावाच्या फोनमधला पत्ता, काहीही चालेल. वादी कंटाळतात, पण हा अर्धा तास पुढचं एक वर्ष वाचवतो.

बजावणी झाली असं दिसतं, पण झालेली नसते

हे समन्स परत येण्यापेक्षा जास्त धोक्याचं आहे, कारण तेव्हा कुणालाच काही खटकत नाही.

त्याच प्रकारचा दावा घ्या. अकरा प्रतिवादी, सगळ्यांचा पत्ता गावाकडचा, वडिलार्जित घराचा. बेलिफ गावात जातो, ओसरीवर थोरला भाऊ बसलेला असतो. तो म्हणतो, सगळे आमचेच आहेत, द्या इकडे. अकराही समन्सवर तोच सही करतो. अहवालावर "बजावणी झाली". पुढे बहिणी हजर होत नाहीत, त्यांच्याविरुद्ध एकतर्फा, म्हणजे त्यांच्या गैरहजेरीतच, चालतं, हुकूमनामा (कोर्टाच्या निकालाचा आदेश) होतो, जमिनीच्या वाटपाचे कागद जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात, मोजणीची नोटीस निघते. तेव्हा कुठे बहिणीला कळतं.

आदेश ५ चा नियम १५ काय म्हणतो ते नीट पाहा. प्रतिवादी घरी नाही, वाजवी वेळात तो घरी सापडण्याची शक्यता नाही आणि समन्स घ्यायला त्याने कुणाला अधिकार दिलेला नाही, अशा वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या सज्ञान व्यक्तीकडे, स्त्री असो वा पुरुष, समन्स देता येतं. कळीचे शब्द "त्याच्यासोबत राहणाऱ्या" हे आहेत. तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन गेलेली बहीण भावासोबत राहत नाही. शिवाय वाटपात भावाचा आणि तिचा हितसंबंध एकमेकांविरुद्ध असू शकतो. घरगड्याला दिलेलं समन्सही चालत नाही, कारण नोकर कुटुंबात धरला जात नाही हे त्याच नियमाच्या स्पष्टीकरणात लिहिलं आहे. नियम ११ प्रमाणे प्रतिवादी जितके, तितक्या बजावण्या.

हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींना एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही हे स्पष्ट केलं. हा हक्क कागदावर कितीही पक्का असला, तरी समन्स भावाच्या ओसरीवर थांबलं तर तिला तो मागायची संधीच मिळत नाही. मला या कामात सगळ्यांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे. वादीच्या बाजूने पाहिलं तरी यात फायदा नाही. बहीण आदेश ९ नियम १३ खाली अर्ज करते, हुकूमनामा रद्द होतो आणि चार वर्षांचं काम मागे जातं.

म्हणून "बजावणी झाली" असा अहवाल आला तरी सही कुणाची आहे ते पाहा. एकाच हाताच्या अनेक सह्या दिसल्या तर आपणहून वकिलांना सांगा आणि त्या व्यक्तींचे खरे पत्ते देऊन नव्याने समन्स काढा.

पत्ता अपुरा

याला फार बुद्धी लागत नाही, शिस्त लागते. खुर्द की बुद्रुक, हे राहून जातं. एका नावाची दोन-तीन गावं एकाच जिल्ह्यात असतात, तेव्हा तालुका आणि पोस्ट दोन्ही लिहा. गावठाणात न राहता मळ्यात राहणाऱ्याचं वस्तीचं नाव लिहा. शहरात इमारत पुनर्विकासाला गेली असेल तर जुन्या पत्त्याला अर्थ उरत नाही, भाड्याच्या जागेचा किंवा संक्रमण शिबिराचा पत्ता शोधावा लागतो. जवळची खूण, मोबाईल नंबर आणि माहीत असल्यास ई-मेल दाव्यातच द्या.

तरीही बेलिफला घर सापडत नसेल तर नियम ९अ खाली हमदस्त समन्स मागता येतं. कोर्ट समन्स वादीच्याच हातात देतं, वादी ते नेऊन देतो आणि पोच घेऊन दाखल करतो. गावात तेढ नसेल तिथे हा मार्ग सगळ्यांत झटपट. तेढ असेल तिथे मी सुचवत नाही. हातात समन्स घेऊन दारात गेलेल्या वादीची भांडणं पोलीस ठाण्यापर्यंत गेलेली पाहिली आहेत.

"घर बंद" आणि दारावर डकवणं

बेलिफ एकदा गेला, कुलूप होतं, समन्स दारावर डकवलं, पंचांच्या सह्या घेतल्या, झालं. असं होत नाही. किंवा होतं, पण नंतर टिकत नाही.

नियम १७ आधी पुरेसा आणि वाजवी प्रयत्न मागतो. माणूस कधी घरी असतो, कुठे गेला आहे, परत कधी येणार, हे विचारलेलं अहवालात दिसायला हवं. बीडकडचं ऊसतोड कामगारांचं कुटुंब असेल तर दिवाळीनंतर पुढचे चार-पाच महिने त्या घराला कुलूपच असणार. तिथे डिसेंबरात समन्स डकवून काय साधणार? मुकादम कोण, टोळी कोणत्या कारखान्यावर आहे, हे गावात कुणालाही विचारलं तर कळतं. एक तर तो पत्ता द्या, नाहीतर हंगाम संपल्यावरची तारीख मागून घ्या.

डकवायचंच असेल तर घराच्या बाहेरच्या दारावर किंवा दिसेल अशा दर्शनी भागावर. अहवालात डकवल्याचं, कोणत्या परिस्थितीत डकवलं ते, आणि घर कुणी ओळखून दाखवलं व कुणासमक्ष डकवलं त्यांची नावं व पत्ते हवेत. "दोन पंचांसमक्ष" एवढं मोघम पुरत नाही. अहवालासोबत बेलिफचं शपथपत्र नसेल तर नियम १९ प्रमाणे कोर्टाने त्याला शपथेवर विचारलं पाहिजे. फाईलमध्ये यातलं काही कमी दिसलं तर त्याच आठवड्यात वकिलांच्या नजरेस आणा. आता बऱ्याच ठिकाणी बेलिफकडे एन-स्टेपचा (समन्स बजावणीची नोंद करणाऱ्या ई-कोर्टच्या प्रणालीचा) मोबाईल असतो आणि त्यातून जागेचं ठिकाण व फोटो नोंदवता येतो. तुमच्या कोर्टात ही सोय असेल तर तो फोटो फाईलला आहे का तेही पाहा.

घेण्यास नकार

लोकांना वाटतं, समन्स घेतलंच नाही तर केस चालणार नाही. गावोगाव हा सल्ला दिला जातो आणि तो सपशेल चुकीचा आहे. प्रतिवादीने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने समन्स घ्यायला नकार दिल्याचा शेरा आला, तर नियम ९ प्रमाणे कोर्ट बजावणी झाल्याचं जाहीर करतं. वादीसाठी हा चांगला शेरा आहे. पुन्हा फी भरू नका, तो शेरा दाखवून आदेश मागा.

पोस्टाने पाठवलेल्या समन्सचंही तसंच. पत्ता बरोबर, टपालखर्च भरलेला, पोचपावतीसह रजिस्टर केलेलं, आणि पोचपावती हरवली किंवा समन्स काढल्यापासून तीस दिवसांत आली नाही, तरी कोर्ट बजावणी झाली असं धरू शकतं. लिफाफा "अनक्लेम्ड" म्हणून परत आला, म्हणजे पोस्टमनने सूचना दिली आणि माणूस सोडवायला गेलाच नाही, तर सर्वसाधारण खंड अधिनियम, १८९७ चं कलम २७ मदतीला येतं. "लेफ्ट" किंवा "पत्ता अपुरा" या शेऱ्यांना मात्र हा आधार मिळत नाही, कारण तिथे पत्ताच बरोबर नव्हता. २०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं, त्यामुळे काउंटरवर नुसतं "रजिस्टर एडी" म्हणून चालत नाही. नोंदणी आणि पोच दोन्ही हवी असं स्पष्ट सांगा, पावतीवरचा नंबर टाकून डिलिव्हरीची नोंद लगेच छापून ठेवा. महिन्यांनंतर ती ऑनलाइन सापडेल या भरवशावर राहू नका.

मयत

हा शेरा दिसला की दुसरं काही करू नका, मृत्यूची तारीख काढा. ग्रामपंचायतीतून किंवा नगरपालिकेतून दाखला मिळतो. दावा चालू असताना माणूस वारला असेल तर नव्वद दिवसांत वारस दाखल करायचे, नाहीतर त्याच्यापुरता दावा संपुष्टात येतो आणि मग उशीर माफीचा अर्ज वगैरे करत बसावं लागतं. दावा दाखल होण्याआधीच वारला असेल तर प्रश्न वेगळा आहे, कारण मृत माणसावर दावा होऊच शकत नाही. वकिलांना त्याच दिवशी सांगा.

जवान, नोकरदार, कैदी

साताऱ्याकडे आपशिंगे मिलिटरीसारखं गाव आहे, जिथे पिढ्यान् पिढ्या घरटी माणूस फौजेत. अशा जवानाचं समन्स गावच्या घरी पाठवून "बाहेरगावी" एवढाच शेरा मिळतो. नियम २८ प्रमाणे ते त्याच्या कमांडिंग ऑफिसरकडे जातं. सरकारी अधिकारी, रेल्वे कर्मचारी, स्थानिक स्वराज्य संस्थेचा नोकर असेल तर नियम २७ प्रमाणे कार्यालय प्रमुखामार्फत पाठवता येतं. तुरुंगात असलेल्याचं समन्स तुरुंगाच्या प्रमुख अधिकाऱ्याकडे.

शासन, संस्था, कंपन्या

इथली चूक बहुतेक वेळा समन्सच्या आधीची, नावाचीच असते. रस्त्यात जमीन गेली म्हणून शेतकरी तहसीलदारावर किंवा बांधकाम खात्याच्या उपअभियंत्यावर दावा लावतो. राज्यावर दावा लावायचा तर प्रतिवादी महाराष्ट्र शासन. दाव्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते. राज्य शासनासाठी ती शासनाच्या सचिवांकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे, रेल्वेसाठी महाव्यवस्थापकांकडे, केंद्राच्या इतर खात्यांसाठी केंद्राच्या सचिवांकडे द्यावी लागते. तलाठ्याच्या हातात दिलेली नोटीस ही कलम ८० ची नोटीस नव्हे. प्रसंग फारच तातडीचा असेल तर नोटिशीशिवाय दावा लावायची परवानगी कोर्टाकडून मागता येते, पण तसा अर्ज दाव्यासोबत हवा.

जिल्हाधिकारी कार्यालयात नोटीस द्यायला जाल तेव्हा आपली स्थळप्रत (स्वतःकडे ठेवायची प्रत) सोबत न्या. आवक खिडकीवर जांभळ्या शाईचा शिक्का बसतो, त्यात तारीख आणि आवक क्रमांक हाताने लिहिला जातो. क्रमांक न लिहिता नुसता शिक्का मारून दिला तर तिथेच थांबून लिहून घ्या. पुढे "नोटीस मिळालीच नाही" असं म्हणणं आलं तर हा चार आकडी क्रमांकच दाखवायचा असतो. दावा दाखल झाल्यावर शासनाचं समन्स घेण्यासाठी त्या कोर्टातले सरकारी वकील हे आदेश २७ नियम ४ प्रमाणे शासनाचे प्रतिनिधी असतात. शासनाला उत्तरासाठी पुरेसा वेळ द्यावा असंही तोच आदेश सांगतो, म्हणून पहिल्या तारखेला लगेच एकतर्फा आदेशाची अपेक्षा ठेवू नका.

जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका या शासनाहून वेगळ्या कायदेशीर व्यक्ती आहेत, त्यांचं समन्स जिल्हाधिकाऱ्यांना देऊन चालत नाही. मुंबई महानगरपालिकेविरुद्ध तिच्या १८८८ च्या कायद्यातल्या कलम ५२७ ची एक महिन्याची नोटीस आहे. सहकारी संस्थेच्या कामकाजाशी संबंधित दावा असेल, गृहनिर्माण सोसायटीसकट, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १६४ प्रमाणे निबंधकांना दोन महिन्यांची नोटीस. संस्थेला नाही, निबंधकांना. ही गल्लत मी दरवर्षी पाहतो. महावितरण २००५ पासून कंपनी आहे, तेव्हा तिला कंपनीसारखंच समन्स.

कंपनीचं समन्स आदेश २९ नियम २ प्रमाणे सचिव, संचालक किंवा मुख्य अधिकाऱ्याला द्यायचं, किंवा नोंदणीकृत कार्यालयात द्यायचं अथवा तिथे पोस्टाने पाठवायचं. तालुक्याच्या शोरूममधल्या विक्रेत्या मुलाने सही केली म्हणजे कंपनीवर बजावणी झाली असं नाही. नोंदणीकृत कार्यालय कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या वेबसाइटवर नावाने शोधलं की मिळतं. भागीदारी पेढी असेल तर कोणत्याही एका भागीदाराला, किंवा मुख्य जागी कारभार पाहणाऱ्याला दिलं तरी चालतं.

वर्तमानपत्रातलं जाहीर समन्स

कंटाळलेला वादी शेवटी म्हणतो, पेपरात देऊन टाका. नियम २० ची ही पर्यायी बजावणी सोपी वाटते म्हणून लोक तिकडे घाईने वळतात. पण कोर्टाचं आधी समाधान व्हावं लागतं की प्रतिवादी टाळतो आहे, किंवा अन्य कारणाने नेहमीच्या मार्गाने बजावणी शक्य नाही. परत आलेल्या समन्सचे शेरे, शोधाशोध केल्याचं शपथपत्र, हे सगळं अर्जासोबत हवं. जाहिरात द्यायची ती प्रतिवादी जिथे शेवटचा राहत होता त्या भागात खपणाऱ्या दैनिकात. पुण्याला राहिलेल्या माणसाचं समन्स स्वस्तात होतं म्हणून तालुक्याच्या साप्ताहिकात छापणं म्हणजे पैसे पाण्यात. आधीचे टप्पे नीट न करता घेतलेली पर्यायी बजावणी सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केलेली नाही.

एक गोष्ट वादींना सहसा कुणी सांगत नाही. एकतर्फा हुकूमनामा रद्द करून घेण्याची मुदत तीस दिवस आहे, आणि समन्स रीतसर बजावलं नसेल तर ते तीस दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. मुदत अधिनियमाच्या अनुच्छेद १२३ च्या स्पष्टीकरणात म्हटलंय की या कामासाठी पर्यायी बजावणी ही रीतसर बजावणी धरायची नाही. म्हणजे पेपरात छापून मिळवलेला हुकूमनामा वर्षांनंतरही उघडला जाऊ शकतो. माणूस सापडत असेल तर त्याच्या हातात समन्स देणं हेच वादीच्या फायद्याचं आहे.

व्हॉट्सॲपचं काय

दिवाणी कामात कोर्टाने परवानगी दिली तर ई-मेल वगैरे मार्ग नियम ९ मध्येच आहेत. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने क्रेडिट कार्डाच्या थकबाकीच्या एका प्रकरणात व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस पोचली आणि उघडली गेली हे दोन निळ्या खुणांवरून मान्य केलं. पण आपणच परस्पर फोटो काढून पाठवला आणि बजावणी झाली असं समजू नका. आधी अर्ज, मग आदेश, मग पाठवणं, मग स्क्रीनशॉटसह शपथपत्र. फौजदारीत पोलिसांची हजर राहण्याची नोटीस वेगळी. ती व्हॉट्सॲपवर देणं हा कायद्यातल्या बजावणीला पर्याय नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आणखी एक चांगला बदल झाला. जुन्या कायद्यात घरातल्या सज्ञान पुरुषालाच फौजदारी समन्स देता येत असे, आता घरातल्या कोणत्याही सज्ञान व्यक्तीला देता येतं.

मुलगा परदेशात

प्रतिवादी परदेशात असेल तर समन्स आंतरराष्ट्रीय करारांप्रमाणे जातं. अमेरिका, ब्रिटन, जर्मनी हे देश आणि भारत परदेशात कोर्टाचे कागद बजावण्याच्या १९६५ च्या हेग करारात आहेत. भारताला तो १ ऑगस्ट २००७ पासून लागू आहे. संयुक्त अरब अमिरातीशी १९९९ चा वेगळा द्विपक्षीय करार आहे. वेळ जातो हे धरूनच तारीख मागा आणि दाव्याचं भाषांतर आधी करून ठेवा. उलट बाजूही महत्त्वाची. तिकडच्या कोर्टाचे घटस्फोटाचे कागद थेट पोस्टाने पुण्या-नाशिकच्या घरी येतात आणि घरचे घाबरतात. परदेशी न्यायालयाचे कागद भारतात थेट पोस्टाने बजावायला भारताने या करारात हरकत नोंदवलेली आहे. तरी लिफाफा फेकू नका, तारखेसकट जपून ठेवा आणि इथल्या व तिकडच्या, दोन्ही वकिलांना दाखवा.

समन्स तुमच्याच दारात आलं तर

घ्या. सहीखाली तारीख आणि वेळ स्वतःच्या हाताने लिहा. दाव्याची प्रत सोबत आहे का पाहा. नसेल तर सहीजवळच "दाव्याची प्रत मिळाली नाही" असं लिहा, कारण दाव्याच्या प्रतीशिवायची बजावणी रीतसर नव्हे. कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायला तीस दिवस, कोर्टाने कारण मान्य केलं तर नव्वदपर्यंत. व्यापारी दाव्यात जास्तीत जास्त एकशे वीस, आणि तिथे ही मर्यादा कडक पाळली जाते. पहिल्या तारखेला वकीलपत्र दाखल करताना आपला खरा, सध्याचा पत्ता द्या. आदेश ६ नियम १४अ प्रमाणे तोच पत्ता पुढे अपिलात आणि दरखास्तीतही (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या कामातही) धरला जातो, अंतिम निकालानंतर दोन वर्षांपर्यंत. घर बदललं तर कोर्टाला कळवा.

एकतर्फा हुकूमनामा झाल्याचं नंतर कळलं तर ते कसं आणि कोणत्या तारखेला कळलं याचा पुरावा त्याच दिवशी बाजूला काढा. तलाठ्याची नोटीस असो, मोजणीचं पत्र असो, बँकेत खातं गोठल्याचा संदेश असो. तीस दिवस तिथून सुरू होतात. मग बेलिफच्या अहवालाची नक्कल मागा आणि त्यावर घर ओळखून दाखवणाऱ्याचं नाव आहे का, सही कुणाची आहे, ते पाहा. फक्त बजावणीत किरकोळ चूक होती म्हणून हुकूमनामा रद्द होत नाही, तुम्हाला तारखेची माहिती होती आणि हजर व्हायला पुरेसा वेळ होता असं कोर्टाला दिसलं तर अर्ज फेटाळला जातो. म्हणून अर्जात आपण त्या काळात कुठे राहत होतो हे कागदानिशी दाखवा. भाडेकरार, वीजबिल, मुलांच्या शाळेचा दाखला, कारखान्याची हजेरी, जे असेल ते.

आणि नक्कल मागताना समन्सच्या दोन्ही बाजूंची मागा. नक्कल विभागात घाईत पुढचंच पान छापून दिलं जातं, आणि वाचायचं असतं ते मागचं.